कापड धड आहे, जोड सुटतोय

रबरी बोट दुरुस्त करायचा सीझन दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीच्या आगेमागे संपतो. सांगलीत तरी असंच आहे. बोटीच्या कापडाला लावायचं जे दोन भागांचं सोल्युशन असतं ना, त्याला कोरडी हवा लागते, दमटपणा साधारण साठ टक्क्यांच्या खाली आणि तापमान वीस-पंचवीस अंश, आणि आपल्याकडं जुलै-ऑगस्टात दमटपणा ऐंशीच्या वर असतो. म्हणजे ज्या महिन्यात बोट लागते त्या महिन्यात ती नीट दुरुस्त होऊच शकत नाही. पुरात फाटली तर काहीतरी तात्पुरतं चिकटवायचं आणि दिवस काढायचा, एवढंच. म्हणून बोटीचं काय करायचं हे ठरवायचं ते थंडीत, कृष्णा पार तळाला गेलेली असते आणि घाटावर पोरं क्रिकेट खेळत असतात तेव्हा, जेव्हा पुराचा विषय काढला तरी लोक आपल्याकडं विचित्र नजरेनं बघतात.

आमच्या पोहणाऱ्यांच्या मंडळाकडं एक रबरी बोट आहे. 2005 च्या पुरानंतर लोकांनी वर्गणी काढून पुढच्या वर्षी घेतलेली. चार मीटरच्या थोडी वर, केशरी रंगाची, मागं इंजिन लावायला लाकडी फळी, खाली प्लायचे तक्ते. कागदावर तिचं नाव इन्फ्लेटेबल डिंगी असं आहे पण आम्ही सगळे रबरी बोटच म्हणतो. 2019 ला तिनं काम केलं, 2021 ला केलं. आणि या थंडीत प्रश्न असा उभा राहिला की हिला परत दुरुस्त करायची का नवीन घ्यायची. गेले दोन-अडीच महिने आमच्या मंडळात याच्यावर इतकं बोलणं झालंय की मला वाटलं आता सगळं एकदा लिहूनच काढावं, कारण अशा बोटी आता नदीकाठच्या बऱ्याच गावांत आहेत, त्यातल्या बऱ्याच एकाच वेळी जुन्या होत चालल्यात, आणि त्यांची दुरुस्ती म्हणजे काय हे नीट सांगणारं माणूस मिळणं अवघड आहे.

आधी पुराबद्दल, कारण बाहेरच्या वाचकाला अंदाज नसतो. सांगलीत पाणी मोजायचं ते आयर्विन पुलाशी, 1929 सालचा पूल आहे तो. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. नदी चढायला लागली की आधी सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोड, दत्तनगर या भागात पाणी शिरायला लागतं, ती माणसं दर वेळी पहिली बाहेर पडतात. एनडीआरएफची बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे, अलीकडं पावसाळ्यात त्यांची टीम आधीच इकडं येऊन थांबते, ती माणसं काय काम करतात ते मी डोळ्यांनी बघितलंय आणि त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. पण पाणी एकाच वेळी पन्नास गल्ल्यांत आणि शंभर वाड्या-वस्त्यांवर चढत असतं, तेव्हा सुरुवातीच्या काही तासांत जो कोण जवळ असेल आणि ज्याच्याकडं काही तरंगणारं असेल तो निघतो. इकडं खेड्यात गुऱ्हाळाच्या काहिलीतून सुद्धा माणसं पाण्यातून नेतात, तेव्हा बोट म्हणजे चैन नाही.

आणि शहरातला पूर हा बोटीसाठी नदीपेक्षा वाईट. नदीत खाली पाणीच असतं. शहरात खाली कंपाउंडच्या भिंती असतात, त्यांच्यावर लावलेल्या काचा, गेटचे भाले, तारेचं कुंपण, बुडालेल्या मोटरसायकलींची हँडलं, होर्डिंगचे अँगल, आणि वस्तीच्या बाहेर गेलं की बाभळी. गढूळ पाण्यात यातलं काहीही दिसत नाही. आमच्या बोटीच्या पोटावर 2019 चे ओरखडे अजून आहेत आणि ते त्यातल्या त्यात किरकोळ दुखणं आहे.

आता मुख्य गोष्ट. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात फुगवायच्या वस्तूची दुरुस्ती म्हणजे सायकलचं पंक्चर. ट्यूब फुगवायची, घमेल्यात बुडवायची, बुडबुडे कुठनं येतात बघायचं, घासायचं, सोल्युशन, ठिगळ, झालं काम. रबरी बोटीचंही भोक असंच काढतात, फक्त घमेल्याऐवजी स्पंजनं साबणाचं पाणी फिरवायचं. आणि भोक असेल तर खरंच चिंता करायचं कारण नाही. बोटीचं जे चांगलं कापड असतं त्याला हायपॅलॉन म्हणतात, आत पॉलिएस्टर किंवा नायलॉनचं विणलेलं कापड आणि वर त्या खास रबराचा थर. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते म्हणून थोडं सविस्तर सांगते. साध्या रबराच्या साखळीत दुहेरी बंध असतात आणि हवेतला ओझोन, ऊन, ते बरोबर तिथंच घाव घालतात, म्हणून जुन्या टायरला चिरा पडतात. हायपॅलॉनच्या मुख्य साखळीत ते बंध जवळपास नसतातच, त्यामुळं ते उन्हाला दाद देत नाही, वीस-वीस वर्षं टिकतं. ड्युपाँट कंपनी ते बनवायची, त्यांनी 2010 साली उत्पादन बंद केलं, आता तेच रबर दुसऱ्या कंपन्या बनवतात, पण बाजारात सगळे अजून हायपॅलॉनच म्हणतात. दुसरा प्रकार पीव्हीसी, स्वस्त पडतो, पण त्याला मऊ ठेवणारं जे द्रव्य असतं ते उन्हात हळूहळू निघून जातं, मग कापड कडक तरी होतं नाहीतर हाताला चिकट लागायला लागतं, आणि एकदा चिकट झालं की त्यावर कुठलाच पॅच धरत नाही.

आमची बोट हायपॅलॉनची. कापड आजही धड आहे. कुठं विणलेले धागे उघडे पडलेले नाहीत, हाताला चिकटत नाही, रंग उडालाय तेवढाच. त्यामुळं जो कोण बघेल तो म्हणतो अहो हिला काय झालंय.

झालंय ते जोडांना. अशी बोट शिवलेली नसते, चिकटवलेली असते. कापडाचे पट्टे एकमेकांवर चढवून डिंकानं जोडलेले, वरून-आतून पट्टी. मागची फळी, जिच्यावर इंजिनाचं सगळं वजन आणि सगळा जोर येतो, ती सुद्धा डिंकावरच उभी असते. हा डिंक निओप्रीन नावाच्या कृत्रिम रबराचा असतो, आणि निओप्रीन उष्णतेनं जुनं होताना त्यातून अगदी थोडं थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल सुटत राहतं. बनवताना त्यात मॅग्नेशियम ऑक्साइड, झिंक ऑक्साइड घातलेलं असतं ते हे आम्ल शोषून घेतं. पण ते काय अमर्याद नसतं. ते संपत आलं की पुढचं बिघडणं वेगानं होतं, आणि हे सगळं आत, दोन कापडांच्या मध्ये, कुणाला दिसत नाही अशा जागी. आमची बोट वर्षानुवर्षं पत्र्याच्या शेडमध्ये घडी करून ठेवलेली असायची. एप्रिल-मे मधल्या सांगलीच्या उन्हात पत्र्याखाली काय तापतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. तेव्हा कापडाचं आयुष्य आणि डिंकाचं आयुष्य वेगवेगळं आहे, आणि आपण बघतो ते कापड.

हे तपासायची पद्धत सोपी आहे, कुणालाही जमेल. बोट पूर्ण फुगवायची आणि पट्टीच्या कडेला नख घालून हळू उचलून बघायचं. चांगला जोड नखाला जागाच देत नाही. एखाद्या ठिकाणी कड उचलली गेली तर ठीक आहे, तेवढी साफ करून परत चिकटवता येते. पण आमच्या बोटीत मागच्या अर्ध्या भागात जिथं नख घालावं तिथं पट्टी उचलत होती, आणि फळीच्या खालच्या बाजूला तळहाताएवढा भाग सुटलेला, त्याच्या आत पिवळसर भुकटी. ती भुकटी म्हणजे एके काळचा डिंक.

मंडळात आमच्या एक आण्णा आहेत, सांगली ते सांगलीवाडी नाव चालवणाऱ्या घरातले, नदीवर त्यांच्याइतकं कळणारं माणूस मला माहीत नाही. त्यांनी ती भुकटी बोटावर घेतली, चोळून बघितली आणि म्हणाले, "ताई, आमची लाकडाची नाव दर साली गळती. काथ्या कोंबतो, डांबर लावतो, फळी कुजली तर ठोकून बघितलं की आवाज सांगतोय. हितं ठोकायचं कशाला?" मला तो प्रश्न फार पटला. लाकूड कुजताना दिसतं, वास येतो, आवाज बदलतो. डिंक सुटताना बोट तशीच टुमटुमीत फुगलेली दिसते आणि सुटते ती एकदम, म्हणजे पूर्ण दाब, भर ऊन, आठ माणसं आणि इंजिनाचा जोर हे सगळं एका वेळी आल्यावर.

दाबाचं पण सांगायला हवं कारण यावरनं आमच्यात बराच घोळ झाला. अशा बोटीच्या ट्यूबमध्ये 0.25 बारच्या आसपास दाब असतो, गाडीच्या टायरच्या मानानं काहीच नाही. पण सकाळी बावीस अंशांना 0.25 बार भरून ठेवली आणि दुपारी उन्हात आतली हवा पन्नास अंशांवर गेली तर तो दाब 0.37 च्या घरात जातो. म्हणजे जवळजवळ दीडपट, कुणी पंपाला हात न लावता. आणि तीच तापलेली बोट गार पाण्यात टाकली की परत ढिली पडते, मग लोक म्हणतात गळती आहे. आमच्या खजिनदारांनी संध्याकाळी भरून सकाळी बघितली, ढिली होती, ते म्हणाले सगळीकडनं गळतीय, टाकून द्या. तसं नसतं ना. आज सकाळी सातला मोजायचं आणि उद्या सकाळी सातलाच मोजायचं, हवा तितकीच गार असताना, तर त्या आकड्याला अर्थ. असं मोजल्यावर कळलं की पुढचे दोन कप्पे व्यवस्थित आहेत, मागचा एक हळूहळू उतरतोय, आणि एका कप्प्याची हवा बाहेर न जाता शेजारच्या कप्प्यात जातीय.

ही शेवटची गोष्ट सगळ्यात वाईट. रबरी बोटीवर विश्वास ठेवायचा तो याच्यासाठी की आत पडदे असतात, एक कप्पा फाटला तरी बाकीचे तरंगत ठेवतात. पडदाच गळत असेल तर एका बाजूला काच लागल्यावर दोन्ही बाजू हळूहळू जाणार. आणि पडद्याची दुरुस्ती म्हणजे धडधाकट ट्यूब बाहेरून कापायची, आत हात घालून पडद्यावर काम करायचं, आणि मग तो काप परत बंद करायचा. होतं ते, कसलेले लोक करतात, पण ज्या बोटीचे जुनेच जोड धरत नाहीत तिच्यात अजून एक नवीन जोड वाढवायचा, हे मला रुचेना.

तरी आम्ही दुरुस्तीची बाजू पूर्ण ऐकली, कारण पैसे. नवीन बोट लाखांत जाते, इंजिन वेगळं, आणि आमचं मंडळ म्हणजे काय, सकाळी नदीवर पोहायला येणारी माणसं, त्यात रिक्षावाले आहेत, हळदीच्या पेठेत हमाली करणारे आहेत, दोन-तीन रिटायर मास्तर. एका दुरुस्तीवाल्यानं फोनवरच सांगितलं पाठवून द्या, सगळे जोड करून देतो. किती वर्षांची खात्री विचारल्यावर तो गप्प बसला. दुसऱ्यानं खरं सांगितलं आणि मी त्याची आभारी आहे. तो म्हणाला की फायबरचा तळ असलेली बोट असती तर मी नवीन ट्यूब चढवून दिल्या असत्या, कारण तिथं तळ ही किमतीची गोष्ट असते, पण तुमची पूर्ण रबरी आहे, तिच्यात ट्यूब म्हणजेच बोट, ट्यूब बदलल्या म्हणजे मी नवीनच बोट बनवली, ती पण हातानं आणि महागात.

लोकलला जुगाड करणारेही भेटले. ताडपत्रीवाल्यांकडं गरम हवेची गन असते, ते पीव्हीसी छान जोडतात, पण हायपॅलॉन वितळून जोडलं जात नाही, त्यामुळं त्यांचा इथं उपयोग नाही. चपलांचं पिवळं सोल्युशन लावून देतो म्हणणारे बरेच. कृपा करून हे कुणी करू नका. त्यात कडक करणारा दुसरा भाग नसतो, उन्हात ते परत मऊ पडतं, आणि त्याचा जो थर राहतो तो खरवडून काढल्याशिवाय पुढं खरा डिंक धरत नाही. खऱ्या डिंकात दुसऱ्या बाटलीत आयसोसायनेट असतं, ते साखळ्या एकमेकींना बांधतं म्हणून उष्णतेत टिकतं. पण तेच आयसोसायनेट पाण्याशी पण तितक्याच आवडीनं बोलतं, आणि डिंकातलं द्रावक उडून जाताना कापड गार पडतं, दमट हवेत त्यावर डोळ्याला न दिसणारं दव धरतं, आणि तुमचा पॅच कापडाला न चिकटता त्या पाण्याला चिकटतो. दुसऱ्या दिवशी अख्खा निघून हातात येतो. पावसाळ्यात मारलेले पॅच का टिकत नाहीत याचं उत्तर एवढंच आहे, कारागिराचा हात वाईट असतो असं नाही.

किरकोळ भोकासाठी ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी सांगते, थंडीतल्या सकाळी, ऊन चढायच्या आत करा, मोकळ्या हवेत, हातमोजे आणि मास्क लावून कारण डिंकातलं टोल्युईन हे द्रावक डोक्याला चढतं. हायपॅलॉन बारीक पॉलिशपेपरनं घासावंच लागतं, चमक जाईपर्यंत, पण धागा दिसायच्या आत थांबायचं. पॅचचे कोपरे गोल कापायचे आणि भोकाच्या सगळ्या बाजूंनी पाच सेंटिमीटर तरी पुढं जाऊ द्यायचा. डिंकाचे पातळ हात, दोन-तीन, प्रत्येक हात सुकू देऊन. शेवटचा बोटाला जेमतेम चिकटेल इतका झाला की पॅच ठेवायचा आणि मधून कडेकडं रोलरनं दाबत जायचं. मग निदान दोन दिवस हवा भरायची नाही. घाई याच टप्प्यावर होते.

असो. तर कापड धड, जोड सुटतोय, एक पडदा गळका, प्लायचे तक्ते कोपऱ्यांना फुगलेले. आणि दुसऱ्या बाजूला या बोटीवरचं लोकांचं प्रेम. हे प्रेम मी हलकं समजत नाही. 2019 ला याच बोटीत अंथरुणाला खिळलेल्या एका आजींना गादीसकट घेतलं होतं, पहिल्या मजल्याच्या गॅलरीतनं. बाळंतीण आणली होती. आमच्या पोरांसाठी ती वस्तू नाही. मीटिंगमध्ये एक जण अक्षरशः डोळ्यांत पाणी आणून म्हणाला की हिनं एवढं केलं आणि आपण हिला भंगारात घालणार? कुणाला उत्तर सुचेना.

मला त्या वेळी त्या आजींच्या सुनेचं तोंड आठवत होतं. तिनं बोटीच्या ट्यूबवर हात ठेवून विचारलं होतं, "बुडणार नाही ना हो?" आणि आमच्यातलं कोणीतरी म्हणालं नाही वहिनी, बसा. ती बसली. तिनं पट्टीत नख घालून बघितलं नाही, कप्पे किती आहेत विचारलं नाही, बोट कुठल्या सालची आहे ते तिला माहीत नव्हतं. ती विचारणार तरी कशी, घरात छातीएवढं पाणी असताना. ऑगस्टमध्ये आपल्या बोटीत जो बसतो त्याला निवड नसते. निवड आहे ती आत्ता, जानेवारीत, आपल्याला. मी मीटिंगमध्ये हेच म्हणाले, जरा चढ्या आवाजात म्हणाले, कारण समोर दुरुस्तीचं कोटेशन आणि नवीनचं कोटेशन शेजारी ठेवून सगळे फक्त दोन आकडे बघत होते.

आणि 8 ऑगस्ट 2019 आमच्या जिल्ह्यात कोण विसरलंय? पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून बाहेर पडणाऱ्या लोकांची बोट उलटली. बायका, लहान मुलं गेली. ती बोट आमच्या बोटीसारखी नव्हती, कारणं वेगळी होती, क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती असं तेव्हा सगळीकडं छापून आलं. मी कुणाला दोष द्यायला हे लिहीत नाही. पण पुरात माणसं बोटीकडं कशी धावतात, कुणाला नाही म्हणणं किती अशक्य होतं, हे ज्यानं काठावर उभं राहून बघितलंय त्याला कळेल की बोटीवरच्या पाटीवर आठ माणसं लिहिलेलं असलं तरी एक दिवस तिच्यात दहा बसणार आहेत, बोचकी आणि शेळी धरून. तेव्हा बोटीच्या अंगात थोडं जास्तीचं बळ शिल्लक पाहिजे. जुन्या डिंकाच्या बोटीत तेच संपलेलं असतं. रिकामी असताना, शांत पाण्यात, दोन माणसं बसवून ती अजून कितीतरी वर्षं चालेल.

रबरी बोट मुळात कच्ची असते अशी एक समजूत आहे, ती मात्र खरी नाही. 1930 च्या दशकात झोडियाक नावाच्या फ्रेंच कंपनीनं, जी आधी हवेत उडणारी एअरशिप बनवायची, अशा बोटींची सुरुवात केली. आणि 1952 साली आलँ बोंबार नावाचा फ्रेंच डॉक्टर अशाच साडेचार मीटरच्या आसपासच्या झोडियाक बोटीतनं एकटा कॅनरी बेटांवरनं निघाला आणि अटलांटिक ओलांडून पासष्ट दिवसांनी बार्बाडोसला पोचला. बोटीचं नाव त्यानं ठेवलं होतं लेरेतिक, म्हणजे पाखंडी. माझा लाडका किस्सा आहे तो, पोरांना पोहायला शिकवताना सांगते. ब्रिटनमध्ये आरएनएलआय ही लोकांच्या देणग्यांवर चालणारी जीवरक्षक बोटींची संस्था आहे, ती 1963 पासून रबरी बोटी वापरतीय, आणि त्यांच्याकडं लहान रबरी बोट साधारण दहाएक वर्षांनी कामावरून काढून नवीन आणतात, मध्ये मध्ये कारखान्यात नेऊन तपासतात ते वेगळंच. आमची त्याच्या जवळपास दुप्पट वयाची आहे. आम्ही ती संस्था नाही, आमच्याकडं तेवढा पैसा नाही, तरीपण बोट किती दिवस वापरायची हे आधीच ठरलेलं असणं ही गोष्ट पैशाशिवाय पण घेता येण्यासारखी आहे.

मग मधला मार्ग निघाला, सगळ्यांना आवडला. नवीन घ्यायची आणि जुनी पण थोडी दुरुस्त करून ठेवायची, उन्हाळ्यात पोरांच्या ट्रेनिंगला. कुणी बाहेर पडलेल्याला वर कसं घ्यायचं, उलटी बोट कशी सरळ करायची, वल्ह्यानं प्रवाह कसा कापायचा, याला जुनी बोट उत्तम. मलाही पटलं. पण आण्णा म्हणाले, "ताई, शेडात फुगवलेली बोट दिसली आन् भाईर पाणी चढलं, की कोण ऐकतंय? नेणारच. मीच नेणार." आणि ते खरं होतं. आपण पाटी लावू फक्त ट्रेनिंगसाठी, कुलूप लावू, काय वाट्टेल ते करू, पन्नास फूट पाणी झाल्यावर कुणाच्या दारात माणूस अडकलंय म्हटल्यावर ते कुलूप आम्हीच तोडणार. तो मोह नाही, ते बरोबरच आहे, फक्त बोट बरोबर नाही.

म्हणून ठरलं की तिची मागची फळी काढून टाकायची. फळी नाही म्हणजे इंजिन लागणार नाही, आणि इंजिनाशिवाय पुराच्या प्रवाहात तिला न्यायचं कुणाच्या मनात येणार नाही. गळक्या पडद्याच्या दोन्ही कप्प्यांना लागून भाजीबाजारातले मोकळे प्लास्टिकचे कॅन बांधायचे, म्हणजे ट्रेनिंगला पोरं पाण्यात असताना ते दोन्ही कप्पे बसले तरी बोट वर राहील. फळी आण्णांनीच काढली. आरी लागली नाही, पटाशी घालून दोन ठिकाणी उचलली आणि बाकीची हातानं ओढली तशी निघून आली. सगळ्यांसमोर. त्यानंतर दुरुस्तीबद्दल परत कुणी बोललं नाही, ज्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं तो पण नाही.

नवीन बोटीचे पैसे अजून पूर्ण जमलेले नाहीत. निम्म्याच्या वर आलेत, एका हळद व्यापाऱ्यांनी बरेच दिले, बाकी शंभर-दोनशे-पाचशेच्या पावत्या. कुणी म्हणालं स्वस्तातली पीव्हीसीची घ्या, दोन येतील. मी हायपॅलॉनच्या बाजूनं भांडले आणि अजून भांडतीय, कारण आपल्याकडं बोट ठेवायला गार जागा नाही आणि ती वर्षाचे दहा महिने पडून असते. जागेचं पण बघतोय, पत्र्याच्या शेडमधनं आता एका मंगल कार्यालयाच्या तळमजल्यावर खोली मिळतीय, पाणी चढायच्या आधी तिथून काढावी लागेल हे वेगळं, पण उंदीर कमी आणि पत्रा नाही. घडी न घालता अर्धी फुगवून, टाल्कम लावून ठेवायची असं ठरलंय.

विकणाऱ्याला आम्ही लिहून दिलंय की बोटीवरचा जो हल नंबर असतो, त्यात बनवल्याचा महिना आणि साल असतं, त्याचा फोटो आधी पाठवा. गोडाऊनमध्ये चार वर्षं पडलेली बोट नवीन म्हणून चालणार नाही, तिच्या डिंकाची चार वर्षं आधीच गेलेली असतात. दुरुस्तीचं सोल्युशन सोबत हवं, त्याच्या डब्यावरची मुदत बघून. जादा व्हॉल्व्ह हवेत. बोट मेच्या पहिल्या आठवड्यात यायला पाहिजे, आल्या आल्या पूर्ण फुगवून एका सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत ठेवायची, एकेक कप्पा सोडून शेजारचा धरतोय का बघायचा, आणि आण्णांनी सगळ्या पट्ट्यांत नख घालून बघितल्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नाही. विकणारा म्हणाला असं कुणी बघत नाही मॅडम. मी म्हटलं, आम्ही बघणार.